कुंपणातली भुईरिंगणी

६ मे

भाऊजी,

हे अक्षर पाहून दचकला असाल. अकरा वर्षांनी लिहितेय. काळजीचं काही नाही, आम्ही दोघंही बरे आहोत. एका कामात तुमचा सल्ला हवाय, आणि तो तुमच्याशिवाय कोण देईल ते मला सुचत नाही.

तुमच्या दादांचा उद्योग तुम्हाला ठाऊकच आहे. तीस वर्षं माळ पालथे घालून औषधी झाडपाला गोळा केला, वाळवला आणि कारखान्यांना घातला. त्यातही भुईरिंगणी ही त्यांची लाडकी. जमिनीला चिकटून पसरलेली ती काटेरी वनस्पती बाकीच्यांना पायात काटा मोडल्यावरच कळते. ह्यांना मात्र ती शंभर पावलांवरून दिसायची. आता माळावर ती उरली नाही. निम्म्या माळावर गोदामं झालीत, उरलेल्यावर रस्त्याची खडी येऊन पडलीय. शिवाय ह्यांचंही वय झालं. आता लांब जाऊ नये असं मला वाटतं.

घरामागचा आपला दगडाळ तुकडा आठवतो ना? तिथे आजवर गवतही धड आलं नाही. भुईरिंगणी तिथे लावता येईल का? चारी बाजूंनी कुंपण घालून घेतलंय, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो तुकडा अख्खा दिसतो. शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं तर त्यांनी मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, लोक जे उपटून फेकतात ते तुम्ही पेरणार? मी म्हटलं, पेरणार. पण बी कसं धरायचं, किती खोल टाकायचं, पाणी किती द्यायचं, यातलं मला ओ की ठो कळत नाही.

तुम्हाला लिहिल्याचं ह्यांना सांगितलेलं नाही, म्हणून उत्तर माझ्या नावावर पाठवा. धाकट्या जाऊबाईंना आठवण सांगा. त्यांनी शिकवलेली मफलरची वीण मला अजून जमलेली नाही. उलटा टाका आला की सगळं ढिलं पडतं.

तुमची वहिनी

१५ मे

वहिनी, नमस्कार.

पत्र मिळालं. भुईरिंगणीची लागवड होते. रानातला माल कमी पडायला लागल्यावर आमच्या कारखान्यानेच काही जणांना ती लावायला सांगितली. आवक माल तपासायचं काम अजून माझ्याकडेच आहे, त्यामुळे लावलेली आणि रानची अशी दोन्ही माझ्या हाताखालून जातात.

सोबत बियांची पुडी पाठवतो. पुढल्या वर्षापासून बी घरचंच धरा. फळं हिरवी आणि पांढऱ्या पट्ट्यांची असताना हात लावू नका. पुरती पिवळी झाली की फोडून गर धुऊन टाका आणि बी सावलीत वाळवा. पेरायच्या आधी ते एक रात्र पाण्यात भिजवा. छोटासा वाफा करून त्यात ओळीने पेरा, बोटाच्या अर्ध्या पेराहून खोल नको. उगवायला दोन आठवडे लागतात, कधी तीन. सगळं एकदम उगवत नाही. काही दिसलं नाही म्हणून वाफा उकरून पाहू नका. रोपाला पाच-सहा पानं आली की मला कळवा, पुढचं तेव्हा लिहीन. जमीन दगडाळ आहे याची चिंता नको. पाणी साचलं तर मात्र मूळ कुजतं. हातमोजे जाड चामड्याचे घ्या. पानाला दोन्ही बाजूंनी काटे असतात.

दादाला न सांगता लिहिलंत हे कळलं. मीही जास्त विचारत नाही.

घरी सगळं ठीक. उलटा टाका घेताना दोरा बोटावर एक वेढा जास्त घ्यावा, असं तिने सांगितलंय.

आपला
भाऊजी

३० जून

भाऊजी,

अठरा दिवस वाफ्यात काही म्हणजे काही नव्हतं. शिंपीणबाई रोज कुंपणापाशी येऊन विचारायच्या, आला का तुमचा बगीचा? एकोणिसाव्या दिवशी सकाळी दोन हिरवे ठिपके दिसले आणि माझ्या जिवात जीव आला. आज बावन्न रोपं आहेत. पानं पाच-पाच झालीत, आणि एवढ्याशा पोरसवदा पानांनाही काटे आहेत. गंमतच वाटली मला.

हे आता वाफ्यापासून हलत नाहीत. सकाळी चहा झाला की जाऊन उकिडवे बसतात आणि रोपं मोजतात. मोजून झाली की मला हाक मारून आकडा सांगतात. थोड्या वेळाने पुन्हा मोजतात. घरात असतात, डोळ्यांसमोर असतात, मला तेवढं पुरे आहे.

टाक्याचं अगदी बरोबर निघालं. एक वेढा जास्त घेतला आणि वीण बसली. पहिली मफलर पुरी झाली ती जाऊबाईंसाठीच पाठवतेय. गर्द निळी आहे. त्यांना आवडली का ते त्यांनाच दोन ओळी लिहायला सांगा. तुमची पत्रं फार कोरडी असतात.

वहिनी

१२ जुलै

वहिनी, नमस्कार.

रोपं आता हलवा. ढगाळ दिवस बघा, संध्याकाळची वेळ धरा. दोन रोपांत दोन हात जागा सोडा. आज ती जागा उगीच मोकळी वाटेल, पण दोन महिन्यांत पाऊल टाकायला फट राहणार नाही. म्हणून मधून एक पायवाट आत्ताच आखून ठेवा. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या. मग पाऊस असेल तर काहीच नको.

मफलर मिळाली. तिला आवडली. रंग तिला शोभतो. लिहायचा तिला कंटाळा आहे.

पत्रं कोरडी असतात हे खरं आहे. आज एक गोष्ट लिहितो, म्हणजे कोरडी का ते कळेल. अकरा वर्षांपूर्वी दादाने आमच्याकडे भुईरिंगणीची नऊ पोती आणली, ती मी नापास केली. हे तुम्हाला माहीत आहे. पोत्यांत आतून पांढरी बुरशी होती आणि मुळांना माती तशीच होती. त्यातून खोकल्याचं औषध बनतं, ते लहान मुलं पितात. नापास केली त्यात माझी चूक नव्हती आणि आजही मी ती पोती नापासच करीन.

तुम्हाला माहीत नाही ते पुढे आहे. दादा फाटकाशी उभा होता आणि मी वजनाच्या खोलीत, चाळीस पावलांवर. मी गेलो नाही. चिठ्ठीवर शिक्का मारला आणि रखवालदाराच्या हाती पाठवली. खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. दादाने चिठ्ठी वाचली. मग ती उलटी करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मागे काही नव्हतं. तेव्हा त्याने एकेक पोतं पुन्हा गाडीत चढवलं, एकट्याने. जेवणाची घंटा होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

एक विचारतो, खरं सांगा. दादा माझं नाव काढतो का?

भाऊजी

८ सप्टेंबर

भाऊजी,

उत्तराला दोन महिने लावले, रागावू नका. ह्यांच्या तळपायांना जखमा झाल्या होत्या. बारीक खडे आणि काटे खोल गेले होते. नर्सबाई एक दिवसाआड येऊन धुऊन बांधून जात, मधल्या दिवशी मी करायची. आता भरत आल्यात.

रोपांनी अख्खी जमीन व्यापलीय. जांभळी फुलं आलीत, आत पिवळे दांडे. एवढं राकट झाड आणि फूल किती नाजूक असावं. शिंपीणबाईंनी चार फुलं मागून नेली आणि तोडताना बोटं रक्ताळून घेतली. शिवायला आलेल्या बायकांना आता त्या स्वतःच माझी लागवड दाखवायला आणतात. पण गेल्या आठवड्यापासून पानांची जाळी होतेय. लालसर, काळ्या ठिपक्यांचे छोटे किडे आहेत. काय करू?

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. नाही, हे तुमचं नाव काढत नाहीत. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगितलं.

वहिनी

१६ सप्टेंबर

वहिनी,

वांग्यावर पडतात तेच हे किडे. फवारा मारू नका, तसा माल आम्ही घेत नाही. सकाळी ते सुस्त असतात. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पान उलटून बघा, पिवळ्या अंड्यांचे पुंजके असतील तर ते पानच खुडा. पंधरा दिवस न चुकता केलंत तर आटोक्यात येईल.

दादाचं कळलं. मला अंदाज होता. दोन वर्षांपूर्वी मी त्याला एक कार्ड टाकलं होतं. अकरा वर्षांतलं तेवढं एकच. त्याचं उत्तर आलं नाही आणि कुणी आलंही नाही. समजायचं ते मी तेव्हाच समजायला हवं होतं. त्या कार्डानंतरही ज्याचा राग गेला नाही, त्याचा आता काय जाणार.

यापुढे पिकाचं काहीही विचारा, उत्तर येईल. बाकी राहू द्या.

भाऊजी

२१ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमच्या पत्राने मला धक्काच बसला. कुठलं कार्ड? माझ्या हाती असं काही आलं नव्हतं. ह्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी कपाटं उपसली, ट्रंका उघडल्या, गाद्या उचलल्या. शेवटी काल ह्यांची माळावर न्यायची खांद्याची पिशवी उसवली, तेव्हा अस्तरात सापडलं. घड्यांवर फाटायला आलंय. 'ही आज दुपारी गेली. दोन महिने आजारी होती. कळवावं म्हणून कळवतोय.' एवढंच. खाली तुमची सही आणि तारीख.

तारीख पुन्हा वाचली आणि बोटांवर दिवस मोजले. त्या तारखेनंतर चौथ्या दिवशी काय झालं ते मला स्वच्छ आठवतंय. हे सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, ती पिशवी घेऊन निघाले. जरा जाऊन येतो म्हणाले. मला वाटलं माळावर, पण इस्त्रीचा सदरा कशाला ते कळेना. त्या दिवशी घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बसस्थानकावरून फोन आला. इथून तीन तासांवरचं स्थानक, जिथे तुमच्याकडे यायला गाडी बदलावी लागते ते. तिकीटवाल्या बाईंनी सांगितलं, तुमचे गृहस्थ कालपासून बाकावर बसलेत, कुठे जायचं ते त्यांना सांगता येत नाही. मी गेले आणि घेऊन आले. खिशात तुमच्या शहराचं तिकीट होतं. मला वाटलं, चुकीच्या गाडीत बसले असतील.

हरवण्याची ती पहिली वेळ. डॉक्टर म्हणाले, स्मरण विझत चाललंय, वाढत जाईल. तसंच झालंय. हे तुमचं नाव काढत नाहीत, कारण ते नाव त्यांच्याजवळ राहिलं नाही. माझंही कधी असतं, कधी नसतं. भुईरिंगणी तेवढी ओळखतात. ती शोधायला सारखे बाहेर निघायचे, म्हणून तीच कुंपणात आणून लावावी असं माझ्या मनात आलं. सगळ्या लागवडीचं कारण हे आहे. ऑगस्टमध्ये मी अंघोळीला गेले असताना फाटक उघडं राहिलं आणि हे अनवाणी गेले ते गोदामांमागच्या खडीच्या ढिगावर सापडले. पायांच्या जखमा त्याच.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुमच्यासमोर ह्यांना केविलवाणं करायचं नव्हतं मला. एवढी चाळीस पावलं तुम्ही चालला नव्हतात, ते माझ्या मनात होतं. तुमचं जुलैचं पत्र येण्याआधीपासून होतं. रखवालदाराने ह्यांना सांगितलं होतं, साहेब आतच आहेत म्हणून.

जाऊबाई गेल्या आणि मला कळलंही नाही. मी इथे बसून त्यांना मफलर विणत होते. 'रंग तिला शोभतो' हे काल मी पुन्हा वाचलं. राग येईल असं वाटलं होतं, पण नाही आला.

पिवळी फळं आता पानांआड लपता लपत नाहीत. काढणी मला एकटीला होणार नाही.

वहिनी

२६ ऑक्टोबर

वहिनी,

मी पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. आठ दिवसांची रजा टाकलीय. तोवर एकही झाड उपटू नका, सगळं मुळासकट काढायचं असतं.

तिच्या नावाने मी तुम्हाला दोन पत्रांत खोटं लिहिलं. आठवण सांगा असं तिच्यासाठी कुणी लिहिलं, याला दोन वर्षं झाली होती. नाही म्हणायला हात धजेना. टाक्याचं मी इथल्या एका विणणाऱ्या बाईंना विचारून आलो होतो.

दादा निघाला होता, हे मी दिवसभर स्वतःशी म्हणतोय.

भाऊजी

१४ नोव्हेंबर

वहिनी,

सुखरूप पोचलो. खोली उघडली तर आत कोंदट वास होता. खिडकी उघडून बराच वेळ नुसता बसलो. तुमच्याकडे आठ दिवस सतत कुणीतरी बोलत होतं, त्याची सवय लागली.

एक गोष्ट तिथे तुम्हाला सांगायला जमली नाही, ती लिहितो. मी दारात आलो तेव्हा माझ्या हातातली कामाची बॅग पाहून दादा उठून उभा राहिला आणि मला साहेब म्हणाला, ते तुम्ही पाहिलंच. तुम्ही त्याला समजावायला लागलात आणि मी तुम्हाला खुणेने थांबवलं. चौथ्या दिवशी तुम्ही शिंपीणबाईंकडे रिकामी पोती शिवून घ्यायला गेलात. आम्ही दोघं शेडमध्ये माल उलटापालटा करत होतो. दादा मला शिकवत होता. मूळ हातात धरून झाड कसं झटकायचं, ढीग न करता पातळ कसं पसरायचं. हात किती सराईत चालत होते. एकदम म्हणाला, "साहेब, ओल्या मालाचा ढीग करू नये. माझी नऊ पोती परत गेली होती एकदा. माल खराबच होता."

मी हातातलं झाड पसरलं. तो काम करत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या कारखान्यात माझा धाकटा भाऊ आहे. बारक्या. ओळखता का?"

हे नाव मी आई गेल्यावर त्याच्याखेरीज कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी ओळखतो म्हटलं.

"त्याची बायको गेली. मी निघालो होतो त्याच्याकडे. मध्येच कुठेतरी गाडी चुकली." त्याने हातातलं झाड उलटून पाहिलं. "एकटा असेल. जेवतो का वेळेवर?"

मी म्हटलं, जेवतो.

"त्याला म्हणावं, पत्र टाक एखादं."

मीच तो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तो साहेबाशी बोलत होता म्हणून बोलत होता. बारक्या समोर आहे असं सांगितलं असतं तर कदाचित गोंधळला असता, कदाचित गप्प झाला असता. त्या दोन मिनिटांत माझा भाऊ माझ्याबद्दल विचारत होता, आणि ते मला मोडायचं नव्हतं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर त्याने मला विचारलं, आपण कोण? मी सांगितलं, कारखान्यातून आलोय, माल बघायला. तो पुन्हा उठून उभा राहिला.

तुम्ही आत आलात तेव्हा माझे डोळे लाल होते. धुळीमुळे म्हणून मी सांगितलं. तेही खोटंच.

माल अजून दहा दिवस सावलीत राहू द्या. देठ वाकवल्यावर कट्टकन मोडला पाहिजे. नुसता लवला तर ओल आहे. पोती भरायला मी येईन. महिन्यातून एक शनिवार-रविवार येत जाईन. दादाला मी साहेबच राहू दे. सोबत वेगळं पाकीट ठेवलंय, दादाच्या नावाचं. ते फोडू नका, तुमच्यापाशी नीट ठेवा. मी आलो की मीच त्याला वाचून दाखवीन.

भाऊजी

१४ नोव्हेंबर

दादा,

साहेबांकडून तुझा निरोप मिळाला. पत्र टाक म्हणालास म्हणून टाकतोय. हे ते स्वतःच तुला वाचून दाखवतील. त्यांचा आवाज थोडासा माझ्यासारखा आहे.

मी जेवतो. वेळेवर म्हणशील तर नाही. संध्याकाळी कामावरून आलं की ताट एकट्यासाठी वाढायचा कंटाळा येतो, मग उभ्याउभ्याच काहीतरी खातो. आता बसून जेवत जाईन.

हिला शेवटी फार त्रास झाला नाही. तुझी आठवण काढायची. एकदा म्हणाली, दादांना बोलवा. मी म्हटलं, तो यायचा नाही. तिला हे खोटं सांगितलं गेलं माझ्याकडून. मला तेव्हा ते खोटं आहे हे माहीत नव्हतं.

ती पोती मी परत पाठवली, ते माझं काम होतं. पण मी आतच होतो दादा, आणि तू मला खिडकीत पाहिलं नसलंस तरी मी तुला पाहत होतो. मी बाहेर यायला हवं होतं. पोती चढवायला हात लावायला हवा होता. चिठ्ठीच्या मागे लिहायला माझ्याकडे तेव्हा एक ओळही नव्हती. आज पानभर लिहिलंय तरी ती सापडलेली नाही.

गाडी चुकली म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तू निघालास एवढं मला पोचलं. जरा उशिरा पोचलं, पण पोचलं.

उत्तर लिहायचा त्रास घेऊ नकोस. जे वाटेल ते साहेबांना सांग. ते मला सांगतात.

तुझा
बारक्या